बालेवाडीतले बाद फेरीचे पाच दिवस

३० जानेवारी २०२२. रविवारची दुपार. पुण्याच्या पश्चिम टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरिया यांच्यातला सामना सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोलशून्य होता. पूर्वार्धात कोरियाला पेनल्टी मिळाली होती आणि चो सो-ह्यूनने चेंडू आडव्या खांबावरून बाहेर मारला होता. ऑस्ट्रेलियाच्या सॅम करलाही जवळून मिळालेली संधी साधता आली नव्हती. जादा वेळ आता अटळ दिसत होता. तेवढ्यात गोलक्षेत्राच्या बाहेर चेंडू जी सो-युनच्या पायाशी आला. तिने एक जागा हेरली आणि लांबूनच असा फटका मारला, की गोलरक्षकाने झेप घेऊनही तो जाळ्यात विसावला. कोरिया १, ऑस्ट्रेलिया ०. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचा सहयजमान आणि आशियातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक असलेला ऑस्ट्रेलिया पुण्यातूनच घरी परतला.

जी आणि कर त्या काळात लंडनच्या चेल्सी क्लबमध्ये एकाच संघातून खेळत. त्या दुपारी मात्र एकीच्या गोलाने दुसरीची स्पर्धा संपवली.

हा सामना एएफसी महिला आशिया चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीचा होता. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या तीन शहरांत झाली. भुवनेश्वर आणि अहमदाबाद ही नावेही आधी ठरली होती. पण कोविडची साथ सरत नव्हती आणि संघांना विमानाने देशभर फिरवणे धोक्याचे होते, म्हणून एका द्रुतगती मार्गाने जोडलेली तीन शहरे निवडली गेली. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना आणि बालेवाडी ही तीन मैदाने अशा रीतीने आशियातल्या बारा देशांच्या वाट्याला आली. दोन उपांत्यपूर्व आणि दोन्ही उपांत्य सामने पुण्यात झाले. ३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी या पाच दिवसांत आशियातल्या महिला फुटबॉलमधली उतरंड बालेवाडीच्या हिरवळीवर बदलली.

अशा स्पर्धांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. एकाच खंडातल्या देशांनी आपापले राष्ट्रीय संघ घेऊन एकमेकांशी लढण्याची प्रथा १९१६ मध्ये दक्षिण अमेरिकेत सुरू झाली. ती पहिली स्पर्धा ब्युनॉस आयर्समध्ये भरली आणि उरुग्वेने जिंकली. आशियातल्या पुरुषांचा चषक १९५६ मध्ये हाँगकाँगला, तर युरोपचा १९६० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. आशियातल्या महिलांची पहिली स्पर्धा १९७५ मध्ये, तीही हाँगकाँगलाच भरली. तेव्हा तिचा कारभार महिला फुटबॉलच्या वेगळ्या आशियाई संघटनेकडे होता. ती संघटना १९८६ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघात विलीन झाली. भारताच्या मुली या स्पर्धेत एकेकाळी अग्रभागी होत्या. १९८३ मध्ये बँकॉकला भारताने अंतिम फेरी गाठली होती, आणि त्याआधी केरळातल्या कोळिकोड इथेही भारत उपविजेता ठरला होता. २०२२ मध्ये यजमानपद मिळाले तेव्हा हा इतिहास बहुतेक भारतीय प्रेक्षकांच्या विस्मरणात गेलेला होता.

स्पर्धेची रचना समजून घेतली, तर त्या पाच दिवसांचे महत्त्व कळते. त्याआधीच्या काही स्पर्धांत आठ संघ असत. २०२२ मध्ये बारा संघ आले आणि त्यांचे चार-चारांचे तीन गट झाले. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार, म्हणजे सहा. आठ पूर्ण करण्यासाठी तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सरस दोघांना घ्यायचे. गटसाखळीत एक पराभव पचवता येतो, पुढचा सामना जिंकून भरपाई करता येते. उपांत्यपूर्व फेरीपासून ती सोय संपते. कुस्तीत पाठ टेकलेल्या मल्लाला त्या लढतीत दुसरी संधी नसते, तशी ती इथेही नसते. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर तीस मिनिटांचा जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट.

शूटआउट आज क्रूर वाटतो, पण त्याआधीची पद्धत त्याहून क्रूर होती. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत नेपल्स इथे इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. तेव्हा नाणेफेक झाली. इटलीच्या कर्णधाराने कौल जिंकला आणि इटली अंतिम फेरीत गेली. पुढे तो चषकही इटलीनेच पटकावला. दोन तास धावलेल्या बावीस खेळाडूंचे नशीब एका नाण्यावर ठरावे, हे फुटबॉलच्या जाणत्यांना पटणारे नव्हते. १९७० मध्ये नियमांत पेनल्टी शूटआउटला मान्यता मिळाली. १९७६ मध्ये बेलग्रेडला चेकोस्लोव्हाकियाने पश्चिम जर्मनीला हरवून युरोपचा चषक जिंकला, तो या पद्धतीनेच. शूटआउटमध्ये नशिबाचा वाटा असतोच. पण गोलरक्षकाचा अभ्यास आणि फटका मारणाऱ्या खेळाडूच्या मनाची घडण यांनाही त्यात वाव असतो. बालेवाडीने पाच दिवसांत दोनदा तो अनुभव घेतला.

त्या पाच दिवसांत यजमान भारत मात्र नव्हता. २० जानेवारीला नवी मुंबईत भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. इराण या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता आणि भारताने त्या सामन्यात बऱ्याच संधी निर्माण केल्या होत्या. थॉमस डेनर्बी हे अनुभवी स्वीडिश प्रशिक्षक, आशालता देवी कर्णधार, आणि पुढे चिनी तैपेईविरुद्धचा सामना. तो जिंकला असता तर उपांत्यपूर्व फेरीचे दार जवळजवळ उघडले असते, आणि तिथून विश्वचषकाची वाट दिसू लागली असती. २३ जानेवारीला सामन्याच्या काही तास आधी भारतीय तंबूतल्या बारा खेळाडूंचे कोविड अहवाल सकारात्मक आले. नियमानुसार किमान तेरा खेळाडू उपलब्ध असणे आवश्यक होते. भारताकडे तेवढ्या उरल्या नव्हत्या. सामना रद्द झाला, भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला.

या एका घटनेने सगळे गणित बदलले. भारताच्या गटात तीनच संघ उरले. मग तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना न्याय्य व्हावी, म्हणून इतर दोन गटांतही तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. इराणने भारताकडून मिळवलेला एकमेव गुण पुसला गेला आणि पहिल्याच स्पर्धेत इराण बाहेर पडला. थायलंड आणि व्हिएतनाम पुढे गेले. भारतीय मुलींनी या स्पर्धेसाठी परदेश दौरे केले होते, महिनोन्‌महिने शिबिरात राहून तयारी केली होती. मैदानावर एकही सामना न हरता त्यांची स्पर्धा संपली. त्या मुलींविषयी वाटणारी हळहळ आजही कमी झालेली नाही, आणि ती कमी होऊही नये.

इकडे पुण्यात बाद फेरीची पायाभरणी २७ जानेवारीलाच झाली होती. त्या दिवशी बालेवाडीत जपान आणि दक्षिण कोरिया आमनेसामने आले. दोघांनीही आधीचे दोन्ही सामने जिंकलेले, त्यामुळे प्रश्न फक्त गटातल्या पहिल्या क्रमांकाचा होता. जपानच्या रिको उएकीने पहिल्याच मिनिटाला गोल केला. कोरियाने हार मानली नाही. सामना संपायला पाच मिनिटे उरली असताना सो जी-यनने बरोबरी साधली. पण गोलफरकात जपान पुढे होता, म्हणून जपान पहिला आणि कोरिया दुसरा. दुसऱ्या क्रमांकाची किंमत मोठी होती. कोरियाला उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला तोंड द्यावे लागणार होते, आणि त्या संघाने गटात इंडोनेशियाचा १८-० असा फडशा पाडला होता. त्यातले पाच गोल एकट्या सॅम करचे होते. कोरियाचे प्रशिक्षक कॉलिन बेल यांनी बचावफळी घट्ट बांधली आणि करला मोकळी जागा मिळू दिली नाही. अठरा गोल करणाऱ्या संघाला त्या दुपारी एकही गोल करता आला नाही. उरलेले काम जीच्या त्या एका फटक्याने केले.

३० जानेवारीलाच याच मैदानावर दुसरा उपांत्यपूर्व सामना झाला, आणि त्याने एका देशाच्या फुटबॉलचा इतिहास घडवला. फिलिपिन्स हा बास्केटबॉलवेडा देश. तिथल्या महिला संघाची धुरा काही महिन्यांपूर्वीच ॲलन स्टायचिच यांच्याकडे आली होती. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ते ऑस्ट्रेलियाच्याच महिला संघाचे प्रशिक्षक होते. संघातल्या बऱ्याच मुली अमेरिकेत वाढलेल्या, फिलिपिनो कुटुंबांतल्या. गटसाखळीत थायलंडविरुद्धचा एकमेव गोल चँडलर मॅकडॅनियलने केला होता. तिची बहीण ऑलिव्हिया ही संघाची गोलरक्षक.

चिनी तैपेईविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच कॅटरिना गियूने फिलिपिन्सला आघाडी मिळवून दिली. ब्याऐंशीव्या मिनिटाला झुओ ली-पिंगने ती पुसून टाकली. जादा वेळेत काही घडले नाही आणि सामना शूटआउटवर गेला. फिलिपिन्सचा पराभव समोर दिसू लागला होता, तेव्हा ऑलिव्हिया मॅकडॅनियल स्वतः चेंडू घेऊन पेनल्टीच्या ठिपक्यापाशी आली आणि तिने गोल केला. तिने त्या शूटआउटमध्ये दोन फटके अडवले. अखेरचा निर्णायक फटका सरीना बोल्डेनने मारला आणि फिलिपिन्स ४-३ असा जिंकला. या विजयाने उपांत्य फेरीबरोबरच विश्वचषकातली जागाही पक्की केली. पुरुष असोत वा महिला, फिलिपिन्सच्या कोणत्याही वरिष्ठ संघाने त्याआधी फुटबॉलचा विश्वचषक पाहिला नव्हता. त्यांना तो मान मिळाला तो पुण्यात.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. ऑस्ट्रेलिया सहयजमान म्हणून आधीच पात्र होता आणि आशियाला आणखी पाच थेट जागा होत्या. त्यामुळे उपांत्य फेरीतले चारही संघ, म्हणजे चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स, ३० जानेवारीच्या रात्रीच विश्वचषकात पोहोचले. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या उरलेल्या तीन संघांत पाचव्या जागेसाठी लढत झाली आणि व्हिएतनामच्या मुली पहिल्यांदा विश्वचषकाला गेल्या. बाद फेरी ही विजेता शोधण्याची पद्धत खरी, पण अशा स्पर्धेत एका विजयाने एखाद्या देशातल्या मुलींच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या सरावाला, निधीला आणि प्रतिष्ठेला आधार मिळतो.

३ फेब्रुवारीला दोन्ही उपांत्य सामने बालेवाडीत झाले. पहिल्यात कोरियाने फिलिपिन्सला २-० असे हरवले. चौथ्याच मिनिटाला चो सो-ह्यूनने गोल केला. चारच दिवसांपूर्वी पेनल्टी बाहेर मारणारी चो ती हीच. दुसरा गोल सोन ह्वा-यनचा. कोरिया पहिल्यांदाच या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला.

दुसरा सामना चीन आणि जपानचा. जपान २०१४ आणि २०१८ असा सलग दोनदा विजेता, उपांत्यपूर्व फेरीत थायलंडला ७-० असे चिरडून आलेला. चीनने आठ वेळा चषक जिंकलेला, पण शेवटचा २००६ मध्ये. पूर्वार्धात उएकीने जपानला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्ध सुरू होताच वू चेंगशूने बरोबरी केली. जादा वेळेत पुन्हा उएकी, जपान २-१. आणि मग एकशेएकोणिसाव्या मिनिटाला, शेवटच्या शिट्टीची वाट पाहणाऱ्या जपानी बचावफळीतून वाट काढून वांग शानशानने चेंडू जाळ्यात पाठवला. शूटआउटमध्ये चीनची गोलरक्षक झू यू हिने जपानची कर्णधार साकी कुमागाई हिचा फटका अडवला, पुढे मोएका मिनामीचाही अडवला. विजयाचा फटका वांग शानशाननेच मारला. चीन ४-३ असा जिंकला आणि गतविजेता जपान बाहेर पडला. त्या रात्री कुमागाईसारखी विश्वविजेती खेळाडू पेनल्टी चुकवू शकते, हे पुण्याने पाहिले. बाद फेरी नावाला किंवा जुन्या पदकांना सवलत देत नाही.

६ फेब्रुवारीला नवी मुंबईत झालेला अंतिम सामनाही त्याच धाटणीचा होता. मध्यंतराला कोरिया २-० असा पुढे होता. पहिला गोल चोय यू-रीचा, दुसरा पेनल्टीवर जी सो-युनचा. चीनच्या प्रशिक्षक शुई चिंगशिया या स्वतः माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू होत्या आणि त्यांना ही जबाबदारी स्वीकारून जेमतेम काही महिने झाले होते. अडुसष्टाव्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टीवर गोल केला. चारच मिनिटांत बदली खेळाडू झांग लिनयानने बरोबरी साधली. भरपाईच्या वेळेत शियाओ यूयीने तिसरा गोल केला. चीन ३, कोरिया २. सोळा वर्षांनी चीनने चषक उचलला, तो नवव्यांदा. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू वांग शानशान ठरली, तर सर्वाधिक सात गोल करणारी सॅम कर उपांत्यपूर्व फेरीतच घरी गेलेली होती.

बालेवाडीतल्या त्या निकालांचे पडसाद पुढच्या वर्षी जगभर उमटले. २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टनमध्ये फिलिपिन्सने सहयजमान न्यूझीलंडला १-० असे हरवून विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला. तो गोल केला सरीना बोल्डेनने, म्हणजे पुण्यात निर्णायक पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूनेच. पुण्यात हरलेल्या ऑस्ट्रेलियाने त्याच विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली.

मग पुण्याला या स्पर्धेतून काय मिळाले? ओमायक्रॉनच्या लाटेत निर्बंध होते, संघ जैवसुरक्षित वर्तुळात बंद होते आणि पुणेकरांना हे सामने डोळे भरून पाहता आले नाहीत. आशियातल्या सर्वोत्तम खेळाडू शहरात आल्या आणि शहरातल्या बहुतेक मुलींना त्यांची गाठही पडली नाही. हे नुकसान साथीमुळे झाले. पण त्यानंतर जे करता आले असते, त्याला साथीचे कारण देता येणार नाही.

पुण्याला मैदानाची वाण नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये याच मैदानावर सुनील छेत्रीने व्हिएतनामविरुद्ध तीन गोल करून भारताला ३-१ असे जिंकून दिले. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटीने बालेवाडीला घर केले. फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे पहिल्या मोसमात त्याच संघातून खेळला. संकुलातल्या क्रीडा प्रबोधिनीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवण्याची मोहीम राबवली होती. पण पुणे एफसी बंद पडला, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही. उत्सव झाले, संघ आले आणि गेले. मुलींच्या फुटबॉलला तर या काळात टिकाऊ व्यावसायिक घर मिळाले नाही.

भारताच्या मुलींनी मात्र वाट सोडली नाही. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधल्या चियांग माई इथे भारताने यजमान थायलंडला २-१ असे हरवले आणि ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. २०२२ मध्ये यजमान म्हणून मिळालेली जागा साथीने हिरावली होती. ही जागा भारताने पात्रता फेरी खेळून, परक्या मैदानावर, स्वतःच्या पायांनी कमावली. या संघाच्या बहुतेक खेळाडू मणिपूर, तमिळनाडू, हरयाणा, ओडिशा, बंगाल अशा राज्यांतून येतात. तिथल्या गावांत मुलींना संध्याकाळी मैदान मिळते, प्रशिक्षक मिळतो, आणि खेळाडू म्हणून पाहणारी माणसे मिळतात.

महाराष्ट्राकडे, आणि विशेषतः पुण्याकडे, हे सगळे देण्याची ऐपत आहे. शाळा आहेत, जिल्हा संघटना आहे, क्रीडा प्रबोधिनी आहे आणि आशिया चषकाच्या उपांत्य फेरीसाठी निवडले गेलेले मैदान आहे. उणीव आहे ती नियमित सामन्यांची. सराव कितीही झाला, तरी हरलो तर बाहेर या दडपणाखाली खेळण्याची सवय सामन्यांशिवाय लागत नाही. मुख्याध्यापकांनी यंदा मुलींचा एक संघ काढावा. क्रीडाशिक्षकांनी तो आंतरशालेय बाद फेरीत उतरवावा. पालकांनी मुलीला दहावीच्या वर्षीही मैदानावर जाऊ द्यावे. आणि बालेवाडीचे दरवाजे वर्षातले काही आठवडे तरी या मुलींच्या सामन्यांसाठी उघडावेत, असा आग्रह पुणेकरांनी क्रीडा खात्याकडे धरावा.